एक लाख दोन दुर्वा

लाख म्हणजे किती, ते मी बोटांनी मोजलेलं आहे. माझी नात इंजिनियरिंगला आहे, लाखावर शून्यं किती ते तिला माहीत आहे, पण लाख वस्तू एकेक करून तिच्या हाताखालून गेलेल्या नाहीत. माझ्या गेल्या आहेत. ती हरळी होती. शेतात उगवली की तिला हरळी म्हणतात आणि तिला खणून बांधावर फेकतात, देवाला वाहिली की तीच दुर्वा होते. ज्या पावसाळ्याबद्दल मी लिहिते आहे त्या पावसाळ्यात आमच्या घरातले पुरुष दिवसभर रानात हरळी खणत होते आणि बाया दिवसभर बांधावर बसून तीच हरळी खुडत होत्या. माझा चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणायचे, संध्याकाळी कुदळ भिंतीला टेकवून म्हणायचा, "मी उपटून उपटून मरून राह्यलो, अन् तुमी तिलाच मोजून मोजून देवाला देऊन राह्यल्या. देव बी म्हणत असंल, या घरात नेमकं पाहिजे काय?" हे मी कोणाला वाचून दाखवणार नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला आजही शब्द सापडत नाहीत. वहीपुढे तसं होत नाही.

आमचं गाव राजूरपासून बैलगाडीनं दीड तासावर. घर मातीचं, तीन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे परस. परसात तुळस, न्हाणी आणि पावसाळ्यात पत्र्याखाली मांडलेली चूल. घरात कर्त्या माझ्या थोरल्या चुलतीच होत्या, त्यांना आम्ही मोठीमाय म्हणायचो. थोरले चुलते वारल्यावर पेरणीपासून पाहुण्यापर्यंत सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. माझी माय त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती आणि बा तर मुळीच नव्हते. दादा मोठीमायचा एकुलता मुलगा. त्याची बायको कौसल्यावहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी आठ वर्षांची असेन, पण नणंद म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून "द्वारकाबाई" म्हणायची आणि अहो-जाहो करायची. मला लाज वाटायची, आणि आवडायचंही.

गावातली शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जावं लागे, म्हणून चौथी झाली आणि मी घरी राहिले. फार वाईट वाटलं असं आठवत नाही, कारण माझ्याबरोबरच्या सगळ्याच मुली घरी राहिल्या. फक्त पाढे अंगात राहून गेले होते. तीसपर्यंतचे पाढे येत होते आणि त्यांना काही काम नव्हतं. मग मी काहीही मोजायचे. विहिरीपासून घरापर्यंतची पावलं, शेंगेतले दाणे, भाकरी थापताना मायच्या हाताचे थापे. एका भाकरीला मायचे चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस थापे बसत आणि वहिनीचे साठाच्या वर, कारण तिची भाकरी पातळ असायची. ती तव्यावर टाकली की टम्म फुगायची. तिच्याबरोबर अंबाडीची भाजी आणि वर लसणाची फोडणी असली की दादा मोजायचं विसरून खायचा. मी मात्र मोजायचे.

शेजारी हमीदाखाला राहायची. तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान राजूरला होतं. खाला दुपारी ओट्यावर बसून माळ ओढायची. ती माळ तेहतीस मण्यांची होती. एकदा मी शेजारी बसून मोजत होते. पहिल्या फेरीला तेहतीस, दुसऱ्या फेरीला तेहतीस, तिसऱ्या फेरीला ती एक जास्त म्हणाली. मी विचारलं, "खाला, शेवटी एक जास्त कामून?" ती म्हणाली, "सौ पूरे करने हैं ना बेटा. तीन बहनां में सौ बेर बाट के देख, एक बच जाताच. किसी भी घर में बचता." मी घरी येऊन चिंचोक्यांनी करून पाहिलं. एक उरला. मग मला वाटलं हजारचं काय होईल. हजार चिंचोके मांडायची गरजच पडली नाही. दहा घेतले की तीन त्रिकं होतात आणि एक उरतो. शंभर म्हणजे असे दहा ढीग, दर ढिगाचा एक उरलेला, ते झाले दहा, त्यांचा परत एक उरतो. हजारालाही तेच. कितीही शून्यं वाढवा, तिनाच्या वाटणीत एक उरतोच. हे कळलं तेव्हा मी बराच वेळ परसात एकटीच उभी होते. कोणाला सांगायचं ते सुचलं नाही, म्हणून सांगितलं नाही.

वहिनीचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं. दुसरं पूर्ण दिवसांचं झालं, पण रडलं नाही. त्यानंतर घरात कोणी तिला टाकून बोललं नाही, पण बोलणं कमी झालं. मोठीमायची धाकटी बहीण, आमची मावशी, परतूरला दिली होती. ती उन्हाळ्यात आली आणि ओट्यावर बसून, वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अक्का, किती दिवस वाट पाहती? माझ्या दिराची पोरगी हाय. नाकीडोळी नीटस हाय. हिला माहेरी धाडून दे अन् मोकळी हो." मोठीमाय म्हणाल्या, "आधी देवाचं करून पाहू. राजूरच्या गणपतीला लाख दुर्वा बोलते. एकवीस-एकवीसच्या जुड्या, सुनेच्या हातानं बांधलेल्या. लाख बराबर पुरे झाले तर ती आपली. काही उणं पडलं तर मंग तू म्हणती ते." हे सगळं वहिनी आत ताक घुसळत ऐकत होती. रवीचा आवाज थांबला नाही, एवढं मला आठवतं.

मोठीमायला लिहिता येत नव्हतं, पण त्यांनी लाख मोजायची जी रीत काढली ती आजही मला शहाणपणाची वाटते. त्यांनी एका गाडग्यात हजार चिंचोके घातले. ते त्यांनी आणि मी मिळून दोनदा मोजले. शेजारी रिकामं गाडगं ठेवलं. बांधावर शंभर दुर्वा खुडून झाल्या की भरल्या गाडग्यातला एक चिंचोका रिकाम्या गाडग्यात टाकायचा. पहिलं गाडगं रिकामं झालं की लाख झाले. मध्ये कितीही दिवस जावोत, कोणालाही मोठा आकडा ध्यानात ठेवायची गरज नाही. मोठीमाय, माय आणि मी खुडायचो. तीन पात्यांचा कोवळा शेंडा नखानं खुडला की टच्‌ असा बारीक आवाज व्हायचा. सकाळी दव असायचं, लुगड्याचे काठ भिजायचे, दुपारपर्यंत अंगठ्याचं नख हिरवं व्हायचं आणि तो रंग भाकरीलाही लागायचा. मोजलेल्या दुर्वा ओल्या फडक्यात घालून घरी आणायच्या, आणि ओट्यावर वहिनी अंघोळ करून बसलेली असायची. ती तीन-तीन दुर्वा उचलायची, असं सात वेळा, की एकवीस झाल्या. मग सुताचा दोरा. रोजच्या जुड्या घरच्या गणपतीला वाहायच्या आणि शेवटच्या दिवशीच्या राजूरला न्यायच्या असं ठरलं होतं.

दिवसाच्या शेवटी एकवीसपेक्षा कमी अशा काही दुर्वा उरायच्या, त्या ओल्या फडक्यात उद्यासाठी ठेवायच्या. पहिल्या दिवशी सोळा चिंचोके पडले आणि चार दुर्वा उरल्या. दुसऱ्या दिवशी पंधरा पडले आणि तेरा उरल्या. मला वाटलं याला काहीतरी नियम असणार. शंभराच्या पाच जुड्या करायच्या म्हटलं तर एकशेपाच लागतात, म्हणजे दर शंभराला पाच कमी पडतात. पहिल्या दिवसापासून एकूण किती चिंचोके पडले ते पाहायचं, त्याला पाचानं गुणायचं, त्यातून एकवीसचा पाढा काढून टाकायचा, की किती कमी पडणार ते आधीच कळतं. तिसऱ्या दिवसापासून मी वहिनीच्या जवळ बसून हळूच सांगायला लागले, "वैनी, आज सात उरतील." उरल्या सातच. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "द्वारकाबाई, तुमच्या अंगात येतं का काय?" तिला वाटलं मला देव सांगतो. मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझे शब्द धड येईनात आणि तिला ते गुपित म्हणूनच आवडलं होतं. मग रोजचा खेळच झाला. "सांगा बरं द्वारकाबाई, आज किती?" मी सांगायचे, ती शेवटची जुडी बांधायची आणि आम्ही दोघी उरलेल्या मोजायचो. दोन-तीनदा जुळलं नाही. तेव्हा आम्ही त्या दिवसाच्या सगळ्या जुड्या परत मोजल्या आणि कुठेतरी बाविसाची, एकदा विसाची, जुडी सापडली. ती नीट केली की आकडा जुळायचा. आज विचार करते तर वाटतं, एवढ्या मोजणीत शेवटपर्यंत एकही चूक राहिली नाही ती या खेळामुळे. मोठीमायला वाटायचं आम्ही दोघी खिदळत बसतो. "जल्दी हात चालवा," असं त्या बांधावरून आल्या की म्हणायच्या.

दोन महिने असेच गेले. पहिल्या गाडग्याचा तळ दिसायला लागला तेव्हा वहिनी चांगली दिसायला लागली होती. गुणगुणायची. एका दुपारी शेंगा निवडताना मी सहज मनात म्हटलं, शेवटच्या दिवशी काय होईल ते पाहू. हजार चिंचोके म्हणजे पाच हजार कमी. पाच हजारांतून एकवीसच्या जुड्या काढल्या तर दोनशे अडतीस निघतात, आणि दोन राहतात. म्हणजे शेवटच्या जुडीला दोन दुर्वा कमी पडणार. ती एकोणीसाची होणार. मी परत केलं. परत दोन. मग मला खालाची माळ आठवली आणि मी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या, कारण तेव्हा कळलं की यात आमच्या मोजण्याची काही चूक नाही, ते तसंच आहे. एकवीस म्हणजे सात त्रिकं. जुड्या पूर्ण झाल्या तर सगळी त्रिकं पूर्ण व्हायला हवीत. आणि लाखाची त्रिकं कधी पूर्ण होत नाहीत. लाखाला एकवीसनं भाग जातच नाही. कोणी मोजलं तरी, कुठेही मोजलं तरी.

नातीनं परवा मोबाईलवर लाखाला एकवीसनं भागून दाखवलं. चार हजार सातशे एकसष्ट, मग टिंब, आणि पुढे नऊ शून्य चार सात सहा एक, परत नऊ शून्य चार सात सहा एक. तेच सहा आकडे घाण्याच्या बैलासारखे फिरत होते. "आजी, हे कधीच संपणार नाही," ती म्हणाली. मला ते बघून बरं वाटलं. जे मला त्या दुपारी एकटीला कळलं होतं ते एका यंत्रालाही मान्य होतं.

पण त्या वेळी मी कोणाला सांगितलं नाही. आठ दिवस बाकी होते. सांगायला पाहिजे होतं. मी स्वतःला सांगत होते की देवाचं काम पुरं व्हायच्या आधी उणं बोलणं बरं नाही, पण खरं ते नव्हतं. खरं असं की मोठीमायपुढे उभं राहून चार वाक्यं बोलायची माझी छाती नव्हती. आणि वहिनीला सांगावं तर तिचं गुणगुणणं थांबलं असतं. रोज ती विचारायची, "सांगा बरं, आज किती?" आणि मी त्या दिवसाचा आकडा सांगायचे. शेवटच्या दिवसाचा आकडा मी पोटात ठेवून झोपायचे.

शेवटच्या दिवसासाठी परतूरची मावशी आदल्या संध्याकाळीच येऊन राहिली होती. सकाळी आम्ही उरलेले नऊ चिंचोके संपवले. मोठीमायनं रिकामं गाडगं उपडं करून सगळ्यांना दाखवलं. माय मोदक तळत होती, गूळ-खोबऱ्याचा वास परसभर होता. दादानं गाडी जुंपली होती आणि बाहेरून हाका मारत होता. ओट्यावर वहिनी जुड्या बांधत होती आणि समोर मोठीमाय आणि मावशी. शेवटची जुडी आली. तीन, तीन, तीन, तीन, तीन, तीन. आणि फडक्यात एक. वहिनीनं फडकं झटकलं. मांडीखाली पाहिलं, लुगड्याच्या निऱ्या पाहिल्या. परत मोजलं.

"काय झालं?" मोठीमायनं विचारलं.

"आत्याबाई, एकोणीस हायेत."

"नीट बघ."

"बघितलं."

मोठीमायनं स्वतः मोजल्या. एकोणीस. मग मावशी बोलली, आणि ती अगदी शांतपणे बोलली म्हणून मला जास्त भीती वाटली. "दोन उण्या. दोनच, नाही का? लेकरं बी दोनच गेल्ती. देवानं याहून उघड सांगावं तरी कसं, अक्का?"

माय तळणाचा झारा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मोठीमाय वहिनीला म्हणाल्या, "लाख बराबर मोजून दिले मी. माझ्या हातून एक बी चुकली न्हाई. तुझ्या हातून कुठं गेल्या?" वहिनीनं मान खाली घातली. मला वाटलं ती आमच्या खेळाचं सांगेल, रोज आकडा जुळत होता ते सांगेल. पण ती म्हणाली, "माझ्याच हातून गेल्या असतील." तिनं ते खरं मानूनच म्हटलं. ती उठली आणि आतल्या खोलीकडे निघाली, जिथे तिची पेटी होती.

मी म्हणाले, "लाख एकवीसनं तुटत न्हाई."

कोणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले, या वेळी आवाज फारच मोठा निघाला. मावशीनं वळून पाहिलं. "अगं बाई, ही बोलती बी? मला वाटलं मुकीच हाय."

"काय म्हणती ग, द्वारके?" मोठीमायनं विचारलं.

"वैनीनं काही हरवलं न्हाई. लाखाच्या एकवीसनं जुड्या केल्या तर शेवटी एकोणीसच राहतात. मला आठ दिवसांपासून माहीत होतं."

"आठ दिवस? मंग तोंडात काय भाकर होती?"

मी खाली बसले. पाच हजारांचं आणि दोनशे अडतीसचं सांगून काही उपयोग नव्हता. मी सुपातली मूठभर ज्वारी ओट्यावर ओतली आणि दहा दाणे मोठीमायपुढे सरकवले. "यातली त्रिकं काढा." त्यांनी काढली. तीन त्रिकं, एक दाणा. मी तो दाणा वेगळा ठेवला. परत दहा दिले. परत एक. असं दहा वेळा. दहा वेगळे दाणे झाले. "हे शंभर झाले, मोठीमाय. आता या उरलेल्या दहांची काढा." त्यांनी काढली, एक राहिला. "शंभराला एक राहिला. हजार म्हणजे असे दहा शंभर, दहा एक, त्याचा परत एक. लाखापर्यंत असंच. त्रिकाच्या वाटणीत लाखाचा एक राहतोच. अन् वैनी तर तीन-तीन उचलूनच जुडी बांधती."

"पोरीच्या खेळावर नवस सोडती का अक्का?" मावशी म्हणाली.

मोठीमायनं हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी दाणे परत एकत्र केले आणि माझी मदत न घेता पहिल्यापासून सगळं केलं. हळूहळू, ओठ हलवत. गाडीचा बैल बाहेर मान हलवत होता, घुंगरं वाजत होती. शेवटचा दाणा हातात धरून त्यांनी शेजारी पडलेल्या त्या एकोणीस दुर्वांकडे पाहिलं. त्या उचलल्या आणि तीन-तीन करत खाली ठेवल्या. सहा त्रिकं. आणि एक दुर्वा. ती दुर्वा त्यांनी त्या दाण्याशेजारी ठेवली.

"हा तोच एक," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. मग म्हणाल्या, "गुरुजींनी शिकवलं का?"

"न्हाई. हमीदाखालानं. तिच्या माळेवरून."

मावशीनं कपाळाला हात लावला. "गणपतीच्या नवसाला तिची माळ!"

"तिचा देव काय मोजायला वेगळे आकडे वापरतो का?" मोठीमाय म्हणाल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. आतल्या खोलीच्या दाराशी वहिनी उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं. "कौसल्या, तुळशीखालच्या दोन दुर्वा खुडून आण. तुझ्या हातानं."

"लाखाचा नवस हाय, लाख दोन कसे?" मावशी अजून सोडेना.

"पाव्हण्याला दोन घास जास्त वाढले तर पाव्हणा रुसतो का ग? उणं पडू नये एवढंच असतं." आणि मग, जरा वेगळ्या आवाजात, "आन तुझ्या दिराच्या पोरीला दुसरीकडं बघा. चांगली पोर हाय, उगं थांबून राह्यली."

जुडी बांधली, आणि आम्ही राजूरला गेलो. दर्शनाची रांग मोठी होती. मोठीमायनं ती शेवटची जुडी वहिनीच्याच हातानं वाहिली. पुढे चौथ्या वर्षी वहिनीला मुलगी झाली. ती नवसानं झाली की जालन्याच्या डॉक्टरीणबाईंच्या औषधानं, यावर आमच्या घरात दोन मतं होती आणि दोन्ही बाजूंना मी मान हलवायचे. मला शाळेत परत घालावं असं बा त्या संध्याकाळी एकदा म्हणाले. मोठीमायही "हं" म्हणाल्या. मग ज्वारीची काढणी आली, आणि ते तिथंच राहिलं. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

एक लाख दोन हा आकडा मात्र माझ्याजवळ राहिला. त्याच्या चार हजार सातशे बासष्ट जुड्या. त्या दोघींत सारख्या वाटता येतात, प्रत्येकीला दोन हजार तीनशे एक्याऐंशी. त्यापुढे एकीच्या वाट्याचा आकडा फुटत नाही. तिघींत नाही, पाच जणींत नाही, सात जणींत नाही. लग्न होऊन सासरी गेल्यावर भांडी घासताना मी एकेका पाढ्यानं तो फोडायला बघायचे. कुठे थांबायचं ते मला ठाऊक नव्हतं म्हणून साठपर्यंत पाहिलं. नात म्हणाली, "आजी, एकोणपन्नासच्या पुढं बघायची गरजच नव्हती." एकोणपन्नासला एकोणपन्नासनंच गुणलं की तो आकडा मागे पडतो म्हणून, हे तिनं समजावून सांगितलं, आणि मला कळलंही. साठ वर्षं उशिरा कळलं, पण कळलं.

राजूरहून आलो त्या संध्याकाळचं राहिलं. दिवस मावळायचा होता. ओट्यावर मावशी आणि मोठीमाय पान लावत बसल्या होत्या. परसात पत्र्याखाली वहिनी भाकरी करत होती आणि मी लाकडं सारत होते. दिवसभर ती माझ्याशी काही बोलली नव्हती. तिनं एक भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "द्वारकाबाई, खरं सांगा. ते बिलकुल तसंच असतं, का मला वाचवाया बोललात?"

"तसंच असतं."

"माझ्या जागी कोणी असती तरी?"

"कोणी असती तरी."

"आत्याबाईंनी बांधल्या असत्या तरी?"

"तरी एकोणीसच."

तिनं भाकरी उलटली. ती फुगली, पण वहिनीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, हे दोन दुर्वांचं चाललेलं नाही. ती मागचं सगळं एकेक उचलून परत मोजून पाहते आहे. "कोणाच्या हातात काहीच नसतं का त्यात?" तिनं विचारलं.

"काहीच नसतं."

मग भाकरी करपायला लागली, ती तिनं घाईनं खाली घेतली, बोट भाजलं, ते तोंडात घातलं. तसंच बोट तोंडात ठेवून, ओट्याकडे डोळा करून, अगदी हळू म्हणाली, "आन मावशीनं बांधल्या असत्या तर?"

"मावशीच्या बी एकोणीसच," मी म्हणाले.

आधी तिचे खांदे हलले. मग तिनं पदर तोंडात कोंबला. मलाही आवरेना. "काय झालं ग तिकडं?" ओट्यावरून मावशीनं विचारलं. आम्ही दोघींनी एकदमच खाली वाकून चुलीत फुंकर घातली, आणि धुरानं डोळे भरून आले म्हणून कोणी पुढे काही विचारलं नाही.